काचेच्या भिंतीपासून सूर्यरोधकापर्यंत : वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांचा जीवनप्रवास

विसाव्या शतकातील वास्तुकलेला नवे वळण देणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये ल कॉर्बुझिए यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. भारतीयांना त्यांची ओळख मुख्यत्वे चंदीगड शहराचे रचनाकार म्हणून आहे. मात्र घराघरांतील खिडक्यांशी संबंधित असलेला एक साधा प्रश्न त्यांच्या कारकिर्दीला आयुष्यभर चिकटून राहिला, याची माहिती फारशी कोणाला नसते. खिडकीतून प्रकाश यावा, परंतु उन्हाचा दाह येऊ नये, यासाठी काय करावे, हा तो प्रश्न होय. ऊन काचेच्या आत नव्हे, तर काचेच्या बाहेरच अडविले पाहिजे, हे त्याचे उत्तर आज सर्वमान्य आहे. ते पूर्णपणे अंगीकारण्यास या प्रतिभावंत वास्तुविशारदाला सुमारे दोन दशके लागली आणि त्याची किंमत त्यांच्या इमारतींत राहणाऱ्या सामान्य माणसांनी मोजली.

घड्याळांच्या गावातील बालपण

ल कॉर्बुझिए यांचे मूळ नाव शार्ल-एदुआर जानेरे. त्यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८८७ रोजी स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फाँ या गावी झाला. ज्युरा पर्वतराजीतील हे थंड हवेचे गाव घड्याळनिर्मितीसाठी प्रसिद्ध होते. वडील घड्याळांच्या तबकड्यांवर मिनाकाम करीत, तर आई पियानोचे शिक्षण देत असे. मुलाने घड्याळांच्या आवरणांवर नक्षी कोरण्याचा परंपरागत व्यवसाय पत्करावा, या हेतूने त्याला स्थानिक कलाशाळेत घालण्यात आले. तेथील शिक्षक शार्ल लेप्लातनिए यांनी या विद्यार्थ्यातील गुण हेरले आणि त्याला वास्तुकलेकडे वळविले.

वास्तुकलेची कोणतीही औपचारिक पदवी त्यांनी घेतली नाही. प्रवास आणि प्रत्यक्ष काम हेच त्यांचे विद्यापीठ ठरले. पॅरिसमध्ये ओग्युस्त पेरे यांच्याकडे त्यांनी प्रबलित काँक्रीटचे तंत्र आत्मसात केले. बर्लिनजवळ पीटर बेहरेन्स यांच्या कार्यालयात त्यांना कारखान्यांच्या वास्तुकलेचा परिचय झाला. १९११ मध्ये त्यांनी बाल्कन प्रदेश, इस्तंबूल आणि ग्रीस असा दीर्घ प्रवास केला. भूमध्य सागरी प्रदेशातील पांढऱ्या भिंती आणि प्रखर प्रकाश यांनी या पर्वतीय प्रदेशातील तरुणाला भारून टाकले. सूर्यप्रकाशाची ही ओढ त्यांच्या ठायी अखेरपर्यंत कायम राहिली.

काचेचे आकर्षण

१९१७ मध्ये ते पॅरिस येथे स्थायिक झाले. १९२० पासून त्यांनी 'ल कॉर्बुझिए' हे नाव धारण केले. १९२२ मध्ये चुलतभाऊ पिएर जानेरे यांच्यासमवेत त्यांनी वास्तुरचनेचे कार्यालय सुरू केले, तर १९२३ मध्ये त्यांचे नव्या वास्तुकलेविषयीचे गाजलेले पुस्तक प्रकाशित झाले.

त्या काळी युरोपातील औद्योगिक शहरांमध्ये कामगारवर्ग अंधाऱ्या, दमट खोल्यांत राहत होता आणि क्षयरोगाने थैमान घातले होते. त्यामुळे प्रकाश आणि मोकळी हवा या नव्या पिढीतील वास्तुविशारदांच्या मुख्य मागण्या होत्या. काँक्रीटच्या स्तंभांनी इमारतीचा भार पेलल्यामुळे बाहेरच्या भिंतीवर कोणताही भार राहत नाही. मग ती भिंत संपूर्णपणे काचेची का असू नये, असा विचार ल कॉर्बुझिए यांनी मांडला. स्तंभांवर उचललेले घर, गच्चीवरील बाग, मुक्त अंतर्रचना, मुक्त दर्शनी भाग आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारी आडवी खिडकी ही त्यांची पाच सूत्रे जगभर अभ्यासली गेली. पॅरिसजवळील प्वासी येथील 'व्हिला साव्हॉय' हे १९३१ मध्ये पूर्ण झालेले घर या सूत्रांचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. या घराच्या छतातून पाणी गळते, अशी तक्रार मालकिणीला वारंवार करावी लागली, हाही इतिहास आहे.

उष्ण प्रदेशाचा पहिला धडा त्यांना एका ग्राहकाकडून मिळाला. ट्युनिशियातील कार्थेज येथे लुसियाँ बेझो यांच्यासाठी त्यांनी १९२८ मध्ये घराचा आराखडा तयार केला. मात्र तेथील ऊन आणि वाळवंटी वारे अनुभवलेल्या मालकाला तो पसंत पडला नाही. घराभोवती सावली हवी, असा त्यांचा आग्रह होता. अखेर प्रत्येक मजल्याची लादी बाहेर काढून खोल्यांच्या भिंती आत घेण्यात आल्या आणि खिडक्या आपोआप सावलीत आल्या. हा उपाय ल कॉर्बुझिए यांच्या हाती असूनही नंतरच्या एका कामात त्यांनी नेमकी उलट दिशा धरली.

निराधारांचे वसतिगृह आणि १९३४ चा उन्हाळा

पॅरिसच्या तेराव्या विभागात 'साल्व्हेशन आर्मी' या संस्थेसाठी निराधारांचे वसतिगृह बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. 'सिते द रफ्यूज' या नावाने ओळखली जाणारी ही इमारत डिसेंबर १९३३ मध्ये सुरू झाली. बेघर पुरुष, तसेच लहान मुलांसह आलेल्या स्त्रिया यांना येथे आसरा मिळणार होता. इमारतीचा दक्षिणेकडील सुमारे एक हजार चौरस मीटरचा दर्शनी भाग काचेचा होता आणि त्यातील एकही तावदान उघडता येत नव्हते.

या रचनेमागे एक शास्त्रीय कल्पना होती. काचेच्या दोन भिंती उभारायच्या, त्यांच्यामधील पोकळीतून हिवाळ्यात उष्ण आणि उन्हाळ्यात थंड हवा फिरवायची आणि खोल्यांमध्ये यंत्राद्वारे शुद्ध हवा सोडायची, असे ल कॉर्बुझिए यांनी योजिले होते. असे झाल्यास जगातील कोणत्याही हवामानात एकाच प्रकारचे घर बांधता येईल, असा त्यांचा विश्वास होता. परंतु निधी अपुरा पडला. काचेची दुसरी भिंत उभी राहिली नाही आणि हवा थंड करणारी यंत्रणाही बसविण्यात आली नाही. शिल्लक राहिली ती एकेरी काचेची बंद भिंत.

पहिला हिवाळा समाधानकारक गेला. कडाक्याच्या थंडीतही सूर्यप्रकाशाने खोल्या उबदार राहत. मात्र १९३४ चा उन्हाळा सुरू होताच परिस्थिती पालटली. बंद खोल्यांमध्ये उष्मा साचू लागला आणि रहिवाशांना, विशेषतः लहान मुलांना, तेथे राहणे असह्य झाले. रस्त्यावरील आयुष्यातून सुटका व्हावी म्हणून आलेल्या या माणसांना दुसरीकडे जाण्याची सोय नव्हती. संस्थेने तक्रारी केल्या. उघडता येणाऱ्या खिडक्या बसवाव्यात, असे प्रशासनाने सांगितले. ल कॉर्बुझिए यांनी त्याला कडाडून विरोध केला. दोष कल्पनेत नसून ती अर्धवट अंमलात आणण्यात आहे, अशी त्यांची भूमिका होती. अखेर काही तावदाने उघडती करावी लागली.

या घटनेमागील भौतिकशास्त्र सोपे आहे. सूर्यकिरण काचेतून सहज आत येतात आणि जमीन, भिंती व सामान तापवितात. तापलेल्या या वस्तूंमधून जी उष्णता बाहेर पडते, ती मात्र काचेतून पुन्हा बाहेर जाऊ शकत नाही. आतून पडदा लावल्याने डोळ्यांना बरे वाटते, परंतु तोपर्यंत ऊन काच ओलांडून आलेले असते. पडदाच तापतो आणि त्याची उष्णता खोलीत पसरते. हाच पडदा काचेच्या बाहेर असेल, तर ती उष्णता बाहेरच्या बाहेर वाऱ्याबरोबर निघून जाते. भारतातील सज्जा, पडवी, दगडी जाळी, बांबूची चिक आणि वाळ्याचे पडदे यांमागे हेच तत्त्व शतकानुशतके उभे आहे.

सूर्यरोधकाचा शोध

आपल्या चुकीची उघड कबुली देणे हा ल कॉर्बुझिए यांचा स्वभाव नव्हता. परंतु त्यांच्या आराखड्यांत बदल दिसू लागला. वसतिगृह सुरू झाले त्याच १९३३ या वर्षी बार्सिलोना आणि अल्जिअर्स या उष्ण शहरांतील निवासी इमारतींसाठी त्यांनी काचेच्या बाहेर उभ्या-आडव्या फळ्यांची चौकट रेखाटली. फ्रेंच भाषेत तिला 'ब्रीझ-सोलेय' असे नाव मिळाले. मराठीत त्यासाठी सूर्यरोधक हा शब्द वापरता येईल.

हे दोन्ही प्रकल्प कागदावरच राहिले. सूर्यरोधकाचा पहिला भव्य प्रयोग झाला तो ब्राझीलमध्ये. रिओ दि जानेरो येथील शिक्षण व आरोग्य मंत्रालयाच्या इमारतीसाठी सल्लागार म्हणून ल कॉर्बुझिए यांना १९३६ मध्ये बोलाविण्यात आले. लुसिओ कोस्ता, ऑस्कर निमायर आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी ही इमारत प्रत्यक्षात आणली. दक्षिण गोलार्धात ऊन उत्तरेकडून येत असल्याने इमारतीच्या उत्तर बाजूस काँक्रीटच्या उभ्या चौकटी आणि त्यांमध्ये फिरविता येणाऱ्या आडव्या पट्ट्या बसविण्यात आल्या. सूर्याच्या स्थितीनुसार कर्मचाऱ्यांना त्या वरखाली वळविता येत. गुरूने मांडलेली कल्पना शिष्यांनी गुरूच्या आधी सिद्ध करून दाखविली होती.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ त्यांच्या चरित्रातील वादग्रस्त अध्याय आहे. जर्मनीने फ्रान्सचा पराभव केल्यानंतर सत्तेवर आलेल्या व्हिशी राजवटीकडून कामे मिळविण्यासाठी ते सुमारे दीड वर्ष प्रयत्नशील होते. त्यांच्या हाती काही लागले नाही. पिएर जानेरे यांनी मात्र प्रतिकार चळवळीची बाजू घेतली. दोघा भावांची भागीदारी १९४० मध्ये संपुष्टात आली.

ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसमधील वसतिगृहाजवळ बॉम्ब पडला आणि ती विख्यात काचेची भिंत फुटली. युद्धानंतर इमारतीची दुरुस्ती हाती घेण्यात आली, तेव्हा मूळची बंद काच पुन्हा बसविण्यात आली नाही. उघडता येणाऱ्या खिडक्या आणि त्यांच्यापुढे काँक्रीटचे सूर्यरोधक अशी रचना १९५२ पर्यंत पूर्ण झाली. तक्रारीचा निकाल लागण्यास जवळजवळ अठरा वर्षे लागली.

याच सुमारास मार्सेय येथे त्यांची बहुमजली निवासी इमारत उभी राहत होती. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीत ३३७ सदनिका आहेत. प्रत्येक सदनिकेला खोल सज्जा देण्यात आला असून काच त्याच्या आत, सावलीत आहे. अर्जेंटिनातील ला प्लाता येथे डॉ. पेद्रो कुरुचेत या शल्यचिकित्सकासाठी बांधलेल्या घरातही दर्शनी भागावर काँक्रीटची चौकट उभारून काच मागे ठेवण्यात आली. इमारतींच्या चेहऱ्यावर आता काचेऐवजी सावली दिसू लागली होती.

पंजाबची नवी राजधानी

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाब राजधानीविना राहिला. लक्षावधी निर्वासितांच्या पुनर्वसनाचा प्रश्न समोर असताना नव्या राजधानीचा निर्णय घेण्यात आला. अमेरिकी नियोजनकार आल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी पहिला आराखडा तयार केला. ऑगस्ट १९५० मध्ये नोविकी यांचा विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर पंजाबचे अधिकारी पी. एन. थापर आणि मुख्य अभियंता पी. एल. वर्मा नव्या वास्तुविशारदाच्या शोधात युरोपला गेले. मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे ब्रिटिश दांपत्य, पिएर जानेरे आणि ल कॉर्बुझिए यांची निवड झाली. दुरावलेले दोन चुलतभाऊ भारतातील कामासाठी पुन्हा एकत्र आले.

फेब्रुवारी १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए प्रथमच भारतात आले. त्या वेळी त्यांचे वय त्रेसष्ट वर्षांचे होते. वर्षातून दोन वेळा येऊन मार्गदर्शन करावे आणि उर्वरित तिघांनी प्रत्यक्ष जागेवर राहून काम पाहावे, अशी व्यवस्था ठरली. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी असलेल्या या सपाट प्रदेशात उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि लू वाहते. त्यानंतर मोसमी पाऊस येतो, तर हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. वातानुकूलन यंत्रणेसाठी पैसा नव्हता, पोलाद आणि काचही दुर्मीळ होती. यंत्राच्या बळावर कोणत्याही हवामानात एकच घर बांधण्याचे जुने स्वप्न येथे कोणत्याही प्रकारे उपयोगी पडणार नव्हते.

पॅरिसच्या कार्यालयात या कामासाठी एक हवामान तक्ता तयार करण्यात आला. वर्षाचे बारा महिने एका बाजूस आणि तापमान, आर्द्रता, वारा व उष्णतेचे प्रारण दुसऱ्या बाजूस मांडून, कोणत्या महिन्यात रहिवाशाला कशाचा त्रास होईल आणि त्यावर वास्तूतच कोणता उपाय करावा, याची नोंद त्यात केली जाई. जे प्रश्न १९३३ मध्ये यंत्रावर सोपविले गेले होते, ते आता भिंती, छत आणि खिडकीनेच सोडवावयाचे होते.

सूर्याचे गणित

सूर्यरोधकाचे कार्य सूर्याच्या उंचीवर अवलंबून असते. चंदीगड सुमारे ३०.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास तेथे मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८३ अंशांवर असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो केवळ ३६ अंशांपर्यंत चढतो. दक्षिणेकडील खिडकीवर ६० सेंटिमीटर बाहेर आलेला आडवा सज्जा असल्यास जूनच्या मध्यान्ही त्याची सावली साडेचार मीटरहून अधिक खाली पडते आणि संपूर्ण खिडकी झाकली जाते. मार्च व सप्टेंबरमध्ये ही सावली सुमारे एक मीटर असते. डिसेंबरमध्ये ती अवघी ४३ सेंटिमीटर भरते आणि हवेहवेसे वाटणारे ऊन खोलीत शिरते. कोणतेही यंत्र न वापरता ऋतूनुसार उघडझाप करणारी अशी ही खिडकी होते.

पूर्व आणि पश्चिम दिशांना मात्र हे गणित लागू पडत नाही. सकाळी व सायंकाळी सूर्य क्षितिजाजवळ असल्याने आडव्या सज्जाखालून ऊन थेट आत येते. तेथे उभे आणि तिरपे पडदेच उपयोगी पडतात. हा भेद ल कॉर्बुझिए यांनी सर्वांत स्पष्टपणे मांडला तो अहमदाबादमध्ये.

अहमदाबादमधील घरे

चंदीगडचे काम सुरू असतानाच १९५१ मध्ये अहमदाबादच्या गिरणीमालकांनी त्यांना निमंत्रित केले. साबरमतीच्या पश्चिम तीरावरील गिरणीमालक संघाची इमारत १९५४ मध्ये पूर्ण झाली. तिच्या पश्चिमेस रस्ता, तर पूर्वेस नदी आहे. पश्चिमेकडील काँक्रीटचे उभे पडदे तिरपे बसविण्यात आले असून दुपारनंतरचे ऊन ते अडवितात. नदीकडील पडदे भिंतीशी काटकोनात ठेवण्यात आले, जेणेकरून वाऱ्याला वाट मोकळी राहावी. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी उत्तरे देण्यात आली आहेत.

गिरणीमालक संघाचे अध्यक्ष सुरोत्तम हठीसिंग यांनी स्वतःसाठी करवून घेतलेला घराचा आराखडा पुढे श्यामूभाई शोधन यांनी विकत घेतला आणि दुसऱ्या जागेवर ते घर बांधले. १९५६ मध्ये पूर्ण झालेल्या या घरावर छत्रीसारखे स्वतंत्र छत असून त्याखाली मोकळ्या गच्च्या आहेत. दर्शनी भागावरील खोल चौकटींमुळे प्रत्येक खिडकीला स्वतःची सावली लाभली आहे. मनोरमा साराभाई यांचे घर याहून वेगळे आहे. विटांच्या कमानदार छतांवर माती घालून हिरवळ लावण्यात आली आणि खोल्यांच्या टोकांना खोल पडव्या ठेवण्यात आल्या. वाऱ्याच्या दिशेने उघडणारे हे घर पाहणाऱ्याला भारतीय वाड्याची आठवण व्हावी, इतके ते सावलीत बुडालेले आहे.

अहमदाबादमधील या कामांवर देखरेख ठेवणारे बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे. त्यांचा जन्म १९२७ मध्ये पुण्यात झाला आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी वास्तुकलेचे शिक्षण घेतले. १९५१ पासून पॅरिसमधील कार्यालयात ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केल्यानंतर ते भारतात परतले. पुढे भारतीय हवामान आणि राहणीमान यांना अनुरूप वास्तुकलेचा त्यांनी स्वतंत्रपणे विकास केला. २०१८ मध्ये वास्तुकलेतील प्रतिष्ठेचा प्रित्झकर पुरस्कार मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

शिपायाच्या घराची खिडकी

चंदीगडच्या राजधानी संकुलातील उच्च न्यायालय, सुमारे २५० मीटर लांबीचे सचिवालय आणि विधानसभा या वास्तूंमुळे ल कॉर्बुझिए यांची कीर्ती झाली. परंतु शहरातील बहुसंख्य सरकारी घरे त्यांनी रचलेली नाहीत. ती पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय, जेन ड्रू आणि त्यांचे भारतीय सहकारी यांची निर्मिती आहे. हुद्द्यानुसार घरांचे प्रकार ठरविण्यात आले होते आणि शिपायाच्या घरासाठी अत्यंत तुटपुंजी रक्कम उपलब्ध होती.

या मर्यादेतून जे साकारले, ते अनेक अभ्यासकांना संकुलातील भव्य वास्तूंपेक्षाही मोलाचे वाटते. स्थानिक भट्टीतील वीट हेच मुख्य साहित्य होते. विटा थोड्या अंतराने रचून जाळी तयार करण्यात आली. तिच्यातून वारा येई, प्रकाश येई आणि ऊन मात्र बाहेर राही. खिडक्या लहान ठेवून त्या भिंतीत आत बसविण्यात आल्या आणि त्यांच्या वर व बाजूंना विटांच्या किंवा काँक्रीटच्या कडा बाहेर काढण्यात आल्या. उन्हाळ्याच्या रात्री झोपण्यासाठी अंगण आणि गच्ची यांची सोय करण्यात आली. मंत्र्याच्या कार्यालयाला जी सावली काँक्रीटच्या चौकटीने दिली, तीच शिपायाच्या खोलीला विटांच्या जाळीने मिळाली.

उणिवा आणि वाद

सूर्यरोधकाची ही कथा निर्दोष यशाची नाही. काँक्रीटचे जाड पडदे दिवसभर ऊन अडवितात, परंतु स्वतःही तापतात आणि सूर्यास्तानंतर ती उष्णता खिडकीकडे परत सोडतात. ज्या प्रदेशात रात्रीचा गारवा हाच खरा विसावा असतो, तेथे हा दोष जाणवतो. पडदा हलका असावा आणि भिंतीपासून थोडा सुटा असावा, म्हणजे मधून वारा वाहून उष्णता निघून जाते, हे नंतरच्या पिढीने यातून शिकून घेतले.

पावसाचा प्रश्न आणखी वेगळा होता. १९५५ मध्ये सुरू झालेल्या उच्च न्यायालयाच्या इमारतीवर दुहेरी छताची भव्य छत्री आहे. तरीही दालनांच्या दर्शनी भागाला ऊन आणि पाऊस यांपासून पुरेसे संरक्षण मिळाले नाही आणि काही वर्षांतच दालनांपुढे व्हरांडा जोडावा लागला. मुख्य न्यायमूर्तींच्या पहिल्या दालनापुढे मात्र तो नव्हता. तेथेही व्हरांडा बांधावा, असा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. जागतिक वारसा वास्तूचे स्वरूप बदलेल, असा आक्षेप चंदीगड प्रशासनाने घेतला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा आदेश कायम ठेवला. पॅरिसमधील वसतिगृहात उपस्थित झालेला प्रश्न नव्वद वर्षांनंतर चंदीगडमध्ये पुन्हा उभा राहिला. वास्तू श्रेष्ठ की तिच्यात वावरणाऱ्या माणसाची सोय, हा तो प्रश्न आहे.

अखेरचे पर्व

१९५७ मध्ये पत्नी इव्हॉन यांच्या निधनानंतर ल कॉर्बुझिए अधिकच एकाकी झाले. भूमध्य समुद्राच्या काठी रोकब्रून-काप-मार्तां येथे त्यांची लाकडी झोपडी होती. जगभर प्रचंड इमारती उभारणाऱ्या या माणसाने स्वतःच्या सुटीसाठी अवघी एक खोली बांधली होती. तिच्या खिडक्याही लहान होत्या. २७ ऑगस्ट १९६५ रोजी समुद्रात पोहत असताना त्यांचे निधन झाले. पॅरिसमधील लूव्र राजवाड्याच्या चौकात त्यांना शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. त्या वेळी भारताच्या वतीने गंगाजल अर्पण करण्यात आले. चंदीगडमध्ये दीर्घकाळ राहिलेले पिएर जानेरे यांचे १९६७ मध्ये निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

राजधानी संकुलात ल कॉर्बुझिए यांनी योजिलेला 'सावल्यांचा मनोरा' त्यांच्या हयातीत उभा राहू शकला नाही. तो नंतर बांधण्यात आला. या वास्तूत कोणतेही कार्यालय नाही. सूर्यरोधकांनी वेढलेली ही मोकळी रचना केवळ ऊन कसे अडविता येते, हे दाखविण्यासाठी आहे. संकुलातील अन्य इमारतींच्या रेषेत न ठेवता ती अचूक उत्तर-दक्षिण दिशेत बसविण्यात आली असून तिची उत्तर बाजू खुली आहे. चंदीगडचे राजधानी संकुल, मार्सेयची निवासी इमारत आणि ला प्लाता येथील घर यांच्यासह सात देशांतील त्यांच्या १७ कलाकृतींचा युनेस्कोने २०१६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

आजच्या घरांसाठी

भारतातील शहरांमध्ये गेल्या काही दशकांत उंच निवासी इमारती आणि रुंद काचेच्या सरकत्या खिडक्या यांचे प्रमाण वाढले आहे. सज्जे आणि गॅलऱ्या बंद करून खोल्या वाढविल्या जातात आणि आत आलेली उष्णता वातानुकूलन यंत्राने बाहेर टाकली जाते. ज्यांना हे यंत्र परवडत नाही, त्यांना मात्र १९३४ च्या पॅरिसमधील रहिवाशांप्रमाणे उष्मा सहन करावा लागतो. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी 'इको-निवास संहिता' जाहीर केली. घराच्या बाह्य आवरणातून किती उष्णता आत येते, याची मर्यादा तीत ठरविण्यात आली असून खिडकीबाहेरील सावलीचाही त्या गणनेत विचार केला जातो.

सामान्य कुटुंबाला यासाठी काँक्रीटच्या चौकटीची आवश्यकता नाही. दक्षिणेकडील खिडकीवर आडवा सज्जा आणि पश्चिमेकडील खिडकीबाहेर बांबूची चिक, जाळी किंवा उभ्या पट्ट्या, काचेपासून थोडे अंतर राखून बसविल्यास खोलीत शिरणारे बरेचसे ऊन बाहेरच राहते. उंच इमारतीत असे पडदे वाऱ्याने सुटून खाली पडू नयेत म्हणून ते पक्के जखडणे तेवढेच महत्त्वाचे आहे.

ल कॉर्बुझिए यांच्या मोठेपणाविषयी मतभेद पूर्वी होते आणि पुढेही राहतील. परंतु ज्या काचेवर त्यांनी इतके प्रेम केले, तिच्यापुढे सावली उभी करण्याचे काम त्यांनी आयुष्याच्या उत्तरार्धात केले, हे निर्विवाद आहे. हा धडा त्यांना पॅरिसमधील निराधारांनी, कार्थेजच्या एका गृहस्थाने आणि पंजाबच्या उन्हाने शिकविला.